लहान आकाराचा, अल्प वीज वापरणारा डेस्कटॉप संगणक : अंतर्रचना, कार्यतत्त्व आणि महाविद्यालयीन निवड

सारांश

डेस्कटॉप संगणकाचा आकार आणि वीजवापर गेल्या दोन दशकांत मोठ्या प्रमाणात घटला आहे. पूर्वी टेबलाखाली ठेवावी लागणारी पेटी आता मॉनिटरच्या पाठीमागे बसते. तथापि, अशा संगणकाची निवड करताना प्रोसेसरचे नाव, रॅमचा आकडा आणि किंमत या तीन बाबींपलीकडे सहसा पाहिले जात नाही. लघु डेस्कटॉपची सर्व अंतर्रचना उष्णतेच्या मर्यादेभोवती बांधलेली असते आणि ही मर्यादा समजून घेतल्याशिवाय त्याची खरी कार्यक्षमता कळत नाही, हा विचार प्रस्तुत लेखात मांडला आहे. त्या अनुषंगाने प्रोसेसर, रॅम, साठवण, वीजपुरवठा आणि शीतन या पाच घटकांचे विवेचन करून महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळेसाठी काही व्यवहार्य निकष सुचविले आहेत.

बीजशब्द : लघु डेस्कटॉप, वीजवापर, उष्णता, प्रोसेसर, शीतन, संगणक प्रयोगशाळा

१. प्रस्तावना

संगणक ही आता केवळ संगणकशास्त्र विभागाची मिरास राहिलेली नाही. ग्रंथालय, कार्यालय, भाषा प्रयोगशाळा, परीक्षा विभाग अशा सर्वच ठिकाणी त्याचा वावर आहे. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिका संगणकावर येतात, प्रवेश आणि शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावर भरले जातात, अनेक परीक्षाही संगणकावरच घेतल्या जातात. अशा वेळी वीज गेली आणि यूपीएसने पुरेशी साथ दिली नाही, तर हानी यंत्राची होत नाही. ती विद्यार्थ्याची होते.

संगणक बदलण्याचा प्रश्न अनेक महाविद्यालयांपुढे सध्या नव्याने उभा आहे. विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि इंटेलच्या बाबतीत, मोजके अपवाद वगळता, आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आवश्यक आहे. परिणामी, चालू स्थितीतील अनेक जुने संगणकही बदलण्याची वेळ आली आहे. या खरेदीत लघु डेस्कटॉपचा पर्याय हमखास पुढे येतो. काही प्राध्यापक त्याकडे ‘खेळण्यातला संगणक’ म्हणून पाहतात, तर काहींना तो वीजबिलावरचा रामबाण उपाय वाटतो. या दोन्ही धारणा अपुऱ्या आहेत. त्यांचा निरास करण्यासाठी या यंत्राच्या अंतरंगात डोकावणे अगत्याचे ठरते.

२. वीज, विद्युतदाब आणि उष्णता

संगणकात शिरलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. विजेचा पंखा हवा हलवितो, पंप पाणी उचलतो; संगणक मात्र केवळ विद्युतसंकेतांची अवस्था बदलतो. त्यामुळे ६० वॅट वीज घेणारा संगणक खोलीच्या दृष्टीने ६० वॅटची शेगडीच असतो. पेटी मोठी असेल तर ही उष्णता पसरायला जागा मिळते. पेटी लहान असेल तर ती तेथेच साचते. म्हणून संगणक लहान करावयाचा असेल तर प्रथम त्याची वीज कमी करावी लागते. लहान आकार आणि अल्प वीजवापर हे दोन स्वतंत्र गुण नसून एकाच गुणाच्या दोन बाजू आहेत.

प्रोसेसरमधील ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना जी वीज खर्च होते, ती तीन गोष्टींवर अवलंबून असते : परिपथाची धारिता, विद्युतदाबाचा वर्ग आणि वारंवारता. यांतील ‘वर्ग’ हा शब्द महत्त्वाचा आहे. समजा, एखाद्या प्रोसेसरची वारंवारता २० टक्क्यांनी कमी केली आणि त्यामुळे विद्युतदाबही २० टक्क्यांनी उतरविता आला, तर नवा वीजवापर ०.८ × ०.८ × ०.८ म्हणजे मूळच्या सुमारे ५१ टक्के होईल. वेगात एक पंचमांश घट आणि विजेत जवळजवळ निम्मी बचत, असा हा सौदा आहे. लघु डेस्कटॉपचे सारे अर्थशास्त्र या एका गुणाकारावर उभे आहे.

हा सौदा पूर्वी विनासायास मिळत असे. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये असे दाखवून दिले की, ट्रान्झिस्टरचा आकार आणि विद्युतदाब एकाच प्रमाणात घटवत नेल्यास चिपच्या दर चौरस मिलिमीटरमागील वीजवापर स्थिर राहतो. त्यानंतरची सुमारे तीन दशके उद्योगाने याच तत्त्वावर वेग वाढविला. मात्र २००५ च्या सुमारास ही वाट खुंटली. ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म झाले की ते ‘बंद’ असतानाही त्यांतून विद्युतप्रवाह झिरपू लागला आणि विद्युतदाब आणखी उतरविणे अवघड झाले. पेंटियम ४ च्या २००४ मधील ‘प्रेस्कॉट’ या आवृत्तीत वेगवान प्रोसेसरांची उष्णता-मर्यादा १०० वॅटच्या पलीकडे गेली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत सोडून दिला. वेगाची शर्यत उष्णतेने थांबविली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

३. लघु डेस्कटॉपची वाटचाल

याच काळात एक वेगळा विचार आकार घेत होता. तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये ‘मिनी-आयटीएक्स’ हा मदरबोर्डचा नवा आकार पुढे आणला. १९९५ पासून रूढ असलेला एटीएक्स मदरबोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटरचा असतो. मिनी-आयटीएक्स केवळ १७० × १७० मिलिमीटरचा होता. म्हणजे क्षेत्रफळ सुमारे दोन पंचमांशावर आले. मार्च २००३ मध्ये इंटेलने पेंटियम एम हा लॅपटॉपसाठीचा प्रोसेसर आणला. इस्राएलमधील हैफा येथील चमूने त्याची रचना केली होती. १.६ गिगाहर्ट्झच्या या प्रोसेसरची उष्णता-मर्यादा २४.५ वॅट होती, तरीही कितीतरी अधिक वारंवारतेच्या पेंटियम ४ शी तो अनेक कामांत बरोबरी करीत असे. एका स्पंदनात अधिक काम करणे हे अधिक स्पंदने देण्यापेक्षा स्वस्त पडते, हा धडा त्यातून मिळाला आणि पुढील प्रोसेसरांची दिशा बदलली. जानेवारी २००५ मध्ये ॲपलने मॅक मिनी सादर केला. साडेसोळा सेंटीमीटर चौरस आणि पाच सेंटीमीटर उंचीच्या या संगणकाचा वीजपुरवठा पेटीबाहेरील ॲडॉप्टरमध्ये होता.

यानंतरचा एक प्रसंग विशेष बोधप्रद आहे. २००८ मध्ये इंटेलने ॲटम हा अल्पऊर्जा प्रोसेसर बाजारात आणला. डेस्कटॉपसाठीच्या ॲटम २३० ची उष्णता-मर्यादा अवघी ४ वॅट होती. परंतु त्याच्यासोबत जोडलेला ९४५जीसी हा जुन्या घडणीचा चिपसेट एकटाच सुमारे २२ वॅटचा होता. परिणामी इंटेलच्याच मदरबोर्डवर असे दृश्य दिसे की, प्रोसेसरवर पंखा नसलेला छोटासा हीटसिंक आहे आणि पंखा मात्र चिपसेटवर फिरतो आहे. ‘४ वॅटचा प्रोसेसर’ हे वाक्य खरे होते. ‘४ वॅटचा संगणक’ हा त्यावरून काढलेला अर्थ मात्र खोटा ठरत होता. वीजवापर हा एका भागाचा गुण नसून संपूर्ण यंत्रणेचा गुण आहे, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

पुढे चिपसेट आणि ग्राफिक्स यांची बहुतेक कामे प्रोसेसरमध्येच सामावली गेली आणि ही विसंगती दूर झाली. २०१२ मध्ये इंटेलने ‘एनयूसी’ या नावाने सुमारे १० सेंटीमीटर चौरस मदरबोर्डचा संगणक जाहीर केला. जुलै २०२३ मध्ये इंटेलने या व्यवसायातून अंग काढून घेतले आणि ती उत्पादनमालिका असूस कंपनीकडे गेली. दरम्यान लेनोव्होचा ‘टायनी’, डेलचा ‘मायक्रो’ आणि एचपीचा ‘मिनी’ हे साधारण एक लिटर आकारमानाचे संगणक कार्यालयांत रुळले. यांचा आकार साधारणतः १८ × १८ × ३.५ सेंटीमीटर, म्हणजे एखाद्या जाड ग्रंथाएवढा असतो.

४. अंतर्रचना

४.१ प्रोसेसर

लघु डेस्कटॉपच्या माहितीपत्रकात ‘टीडीपी’ हा आकडा वॅटमध्ये दिलेला असतो. तो प्रत्यक्ष वीजवापर नव्हे. उत्पादकाने ठरविलेल्या मूळ वारंवारतेवर प्रोसेसर सतत काम करीत असता किती उष्णता बाहेर काढण्याची सोय हवी, याचा तो निर्देशांक होय. इंटेलने २०१८ मध्ये आणलेले कोअर आय५-८५०० आणि आय५-८५००टी हे दोन प्रोसेसर यासाठी ताडून पाहावेत. दोहोंत सहा कोअर आहेत आणि कॅशेही सारखीच ९ मेगाबाइट आहे. पहिल्याचा टीडीपी ६५ वॅट, दुसऱ्याचा ३५ वॅट. पहिल्याची मूळ वारंवारता ३.० गिगाहर्ट्झ, तर दुसऱ्याची २.१ गिगाहर्ट्झ. कमाल वारंवारता मात्र अनुक्रमे ४.१ आणि ३.५ गिगाहर्ट्झ आहे. म्हणजे सततच्या कामाच्या हमीत ३० टक्क्यांची घट आहे, परंतु क्षणिक वेगात ती १५ टक्क्यांच्याच आसपास आहे.

हा फरक व्यवहारात निर्णायक ठरतो. वर्ड, एक्सेल, ब्राउझर, ग्रंथालयाची प्रणाली, प्रारंभिक प्रोग्रामिंग या कामांत प्रोसेसरला काही सेकंदांची धाव घ्यावी लागते आणि पुन्हा विसावा मिळतो. या धावेसाठी प्रोसेसरला टीडीपीपेक्षा अधिक वीज घेण्याची अल्पकालीन मुभा असते. त्यामुळे या कामांत लघु डेस्कटॉप आणि मोठा डेस्कटॉप यांतील भेद वापरणाऱ्याला सहसा जाणवत नाही. याउलट चित्रफितीचे संपादन किंवा मोठ्या विदासंचावरील सांख्यिकी विश्लेषण हे काम तासभर चालते. तेथे अल्पकालीन मुभा संपते आणि उष्णता-मर्यादेचा अंमल सुरू होतो. शंभर मीटर धावणे आणि मॅरेथॉन धावणे यांतील जो भेद, तोच येथे आहे.

याहून खालच्या पातळीवर इंटेलचा एन१०० हा २०२३ मधील प्रोसेसर उल्लेखनीय आहे. त्यात चार कोअर असून टीडीपी ६ वॅट आणि कमाल वारंवारता ३.४ गिगाहर्ट्झ आहे. त्यावर आधारित संगणक काम नसताना भिंतीवरील सॉकेटमधून साधारण ६ ते १० वॅट घेतात. पूर्ण भार पडल्यावर हा आकडा २० वॅटच्या पुढे जातो. ६ वॅटच्या टीडीपीवरून जे अपेक्षित होते, त्याहून हे बरेच अधिक आहे. कागदावरील आकडा आणि सॉकेटजवळ मोजलेला आकडा यांत अंतर असते, ते असे.

४.२ रॅम

लघु डेस्कटॉपमध्ये बहुधा लॅपटॉपची आखूड रॅम बसते. डीडीआर३ रॅम मुळात १.५ व्होल्टवर चालत असे. डीडीआर४ साठी १.२ आणि डीडीआर५ साठी १.१ व्होल्ट पुरतात. विद्युतदाबाच्या वर्गाचा नियम येथेही लागू आहेच.

रॅम किती, यासोबत ती किती मार्गांनी जोडलेली आहे हेही पाहावे लागते. अशा संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसते. पडद्यावरील चित्रासाठी प्रोसेसरमधील ग्राफिक्स विभाग मुख्य रॅमच वापरतो. डीडीआर४-२६६६ रॅमचा एक मार्ग सेकंदाला सुमारे २१ गिगाबाइट माहिती वाहून नेतो. आय५-८५००टी सारख्या प्रोसेसरला असे दोन मार्ग असतात. त्यामुळे ८ गिगाबाइटची एकच पट्टी बसविण्याऐवजी ४ गिगाबाइटच्या दोन पट्ट्या बसविल्यास तितक्याच रॅममध्ये माहितीवहनाची क्षमता दुप्पट होते. मात्र पुढे रॅम वाढविताना एखादी पट्टी काढावी लागते, हेही लक्षात ठेवावे. एन१०० ला एकच मार्ग आहे आणि उत्पादकाच्या माहितीनुसार कमाल रॅम १६ गिगाबाइट आहे. त्याच्या स्वस्ताईमागील हे एक कारण होय.

दुसऱ्या टोकाला ॲपलचा २०२४ मधील मॅक मिनी आहे. १२.७ सेंटीमीटर चौरस आकाराच्या या संगणकात रॅम एम४ प्रोसेसरच्या शेजारी, त्याच्याच आवेष्टनात बसविलेली आहे. माहितीला जितके कमी अंतर कापावे लागते, तितकी वीज वाचते. पण त्याची किंमत अशी की, खरेदीनंतर रॅम वाढविता येत नाही. कार्यक्षमता आणि दुरुस्तीयोग्यता यांचा हा विरोध लघु डेस्कटॉपच्या बाबतीत वारंवार समोर येतो.

४.३ साठवण

साडेतीन इंची हार्ड डिस्क फिरती तबकडी आणि मोटर यांमुळे चालू असताना साधारण ५ ते ८ वॅट वीज घेते. लघु डेस्कटॉपमध्ये तिला जागाच नसते; तिची जागा एसएसडीने घेतली आहे. सर्वांत प्रचलित एम.२ एसएसडी २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असते. येथे एक गल्लत नेहमी होते. एम.२ हे केवळ आकाराचे आणि जोडणीचे नाव आहे. त्याच आकारात साटा पद्धतीची, सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट वेगाची एसएसडीही मिळते आणि तिच्या कितीतरी पट वेगवान एनव्हीएमई एसएसडीही मिळते. त्यामुळे निविदेत केवळ ‘एम.२ एसएसडी’ असे लिहिणे पुरेसे नाही.

काही स्वस्त संगणकांत एसएसडीऐवजी ६४ गिगाबाइटची ईएमएमसी साठवण मदरबोर्डवर डाग देऊन बसविलेली असते. विंडोज ११ ची किमान गरजच ६४ गिगाबाइटची आहे. त्यामुळे काही महिन्यांतच जागा संपते आणि साठवण बिघडल्यास संपूर्ण मदरबोर्ड बदलावा लागतो. अल्प किमतीच्या मोहात ही बाब नजरेआड होऊ नये.

४.४ वीजपुरवठा

जुन्या डेस्कटॉपमध्ये ३०० वॅट किंवा अधिक क्षमतेचा एसएमपीएस पेटीतच असतो. असा वीजपुरवठा स्वतःच्या क्षमतेच्या मध्यावर उत्तम काम करतो. क्षमतेच्या अगदी अल्प अंशावर त्याची कार्यक्षमता घसरते. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘८० प्लस’ प्रमाणीकरणाची मूळ चाचणीही २०, ५० आणि १०० टक्के भारावर होते. ३०० वॅटच्या पुरवठ्यावर २० वॅटचा भार म्हणजे ७ टक्केही नव्हे. लघु डेस्कटॉपचा ६५ किंवा ९० वॅटचा बाहेरील ॲडॉप्टर हा विरोध कमी करतो आणि उष्णतेचा एक स्रोत पेटीबाहेर नेतो. पंखाही त्यामुळे लहान चालतो.

त्याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. एसएमपीएस स्थानिक बाजारात सहज मिळतो आणि बहुतेक पेट्यांत बसतो. ॲडॉप्टरचे मात्र व्होल्ट, वॅट आणि पिन या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. काही उत्पादकांचे संगणक अनोळखी ॲडॉप्टर ओळखून प्रोसेसरचा वेग उतरवितात. म्हणून तीस संगणकांमागे दोन-तीन जादा ॲडॉप्टर मूळ खरेदीतच समाविष्ट करणे शहाणपणाचे ठरते.

४.५ शीतन

प्रोसेसरची उष्णता थर्मल पेस्टमधून हीटसिंककडे जाते. बऱ्याच यंत्रांत मध्ये तांब्याची हीटपाइप असते. तिच्यातील थोडेसे द्रव गरम टोकाशी बाष्प बनते आणि थंड टोकाशी पुन्हा द्रव होऊन परतते. अखेर पंखा ही उष्णता हवेत सोडतो. या संपूर्ण मार्गाला एक ‘उष्णतारोध’ असतो. दर वॅटमागे तापमान किती अंशांनी चढते, हे तो सांगतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. प्रोसेसरचे तापमान ९५ अंश सेल्सिअसपर्यंत चालते आणि उष्णतारोध दर वॅटला २ अंश आहे, असे मानू. खोलीत २५ अंश तापमान असेल तर ७० अंशांचा अवकाश उरतो, म्हणजे प्रोसेसर सतत ३५ वॅटवर काम करू शकतो. हाच संगणक ४५ अंशांच्या खोलीत ठेवला तर अवकाश ५० अंशांचा आणि वीज २५ वॅटची. आता वर्षभराच्या धुळीने हीटसिंकच्या फटी भरल्या आणि उष्णतारोध २.८ झाला, तर उरतात जेमतेम १८ वॅट. यंत्र तेच, प्रोसेसर तोच. परंतु सतत पेलता येणारी वीज निम्म्यावर आली. यंत्र बंद पडत नाही, ते स्वतःचा वेग उतरविते. त्यामुळे ‘संगणक जुना झाला’ असा समज होतो, आणि प्रत्यक्षात त्याला ब्रश आणि नव्या थर्मल पेस्टची गरज असते.

नागपूर, अकोला, चंद्रपूर येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याहूनही वर जातो. उष्णतेचा हा हिशेब तेथील महाविद्यालयांसाठी पुस्तकी राहत नाही. कोकणात उष्म्यापेक्षा दमट, खारी हवा ही जोडणीच्या पिनांची वैरी असते. पंखाविरहित यंत्र धूळ ओढून घेत नाही हे खरे, परंतु त्याची धातूची पेटी हाच हीटसिंक असतो; त्यामुळे तिच्यावर वह्या ठेवणे अथवा ती बंद कपाटात कोंबणे घातक ठरते.

५. महाविद्यालयीन प्रयोगशाळेचा हिशेब

तीस संगणकांची एक प्रयोगशाळा गृहीत धरू. दिवसाला ७ तास आणि वर्षाला २२० दिवस वापर मानू. जुना डेस्कटॉप सरासरी ६० वॅट आणि लघु डेस्कटॉप सरासरी १५ वॅट घेतो असे धरल्यास प्रत्येकी ४५ वॅटची बचत होते. एकूण बचत १.३५ किलोवॅट × १५४० तास, म्हणजे वर्षाला २०७९ युनिट. दर युनिटला १० रुपये धरले तर सुमारे २०,८०० रुपये, म्हणजे संगणकामागे वर्षाला सुमारे ७०० रुपये. वातानुकूलित खोलीत ही उष्णता बाहेर काढण्याचीही वीज वाचते, तिची भर यात घालता येईल. बचत खरी आहे. परंतु केवळ वीजबिलातून नव्या संगणकाची किंमत वसूल होईल, हे विधान या हिशेबाने सिद्ध होत नाही.

खरा लाभ यूपीएसच्या बाबतीत दिसतो. छोट्या यूपीएसमध्ये सामान्यतः १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. म्हणजे ८४ वॅट-तास. रूपांतरातील गळती आणि जलद विसर्गामुळे होणारी घट लक्षात घेऊन यातील निम्मीच ऊर्जा, म्हणजे ४२ वॅट-तास, हाती येते असे धरू. मॉनिटरचे २० वॅट मिळवून जुना संगणक ८० वॅट घेतो आणि सुमारे ३१ मिनिटे चालतो. लघु डेस्कटॉप मॉनिटरसह ३५ वॅट घेतो आणि सुमारे ७२ मिनिटे चालतो. बॅटरी तीच आहे. फरक इतकाच की, पहिल्या स्थितीत तासाभराची परीक्षा मध्येच तुटते आणि दुसऱ्या स्थितीत ती पूर्ण होते. भारनियमन वा वादळी पावसाने वीज जाणे ज्या गावांत नित्याचे आहे, तेथील महाविद्यालयाने हा आकडा वीजबिलाच्या आकड्यापेक्षा वर ठेवावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

६. मर्यादा

लघु डेस्कटॉप सर्वत्र योग्य आहे, असे नाही. त्यात पूर्ण आकाराचे ग्राफिक्स कार्ड बसत नाही. त्यामुळे त्रिमितीय आरेखन किंवा यंत्रशिक्षणाच्या प्रयोगशाळेसाठी मोठा डेस्कटॉपच हवा. मदरबोर्डचा आकार बहुधा त्या-त्या उत्पादकापुरता असतो. तो बिघडला तर दुसऱ्या बनावटीचा बसत नाही. आकार लहान असल्याने चोरीचा धोका वाढतो, म्हणून कुलपाच्या खाचेचा वापर करावा लागतो. मॉनिटरच्या पाठीमागे जोडताना हवा खेळती राहील, याची दक्षता घ्यावी लागते.

कार्यालयांतून बाहेर पडलेले एक लिटरचे जुने संगणक नूतनीकृत स्वरूपात स्वस्तात मिळतात. कमी निधी असलेल्या महाविद्यालयांना ते उपयुक्त आहेत. तथापि त्यांतील सहाव्या आणि सातव्या पिढीचे प्रोसेसर, मोजके अपवाद वगळता, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. लिनक्सवर चालणारी प्रयोगशाळा असेल तर ही अडचण उरत नाही. परीक्षेची प्रणाली विंडोजवरच चालत असेल तर ती गंभीर ठरते.

७. खरेदी समितीने विचारावयाचे प्रश्न

१) काम नसताना आणि पूर्ण भारावर सॉकेटजवळ मोजलेला वीजवापर किती? नमुना यंत्रावर वॅटमीटर लावून तो समितीसमोर मोजून घ्यावा.

२) अर्धा तास सतत भार दिल्यानंतर प्रोसेसरची वारंवारता किती राहते? पहिल्या मिनिटाचा वेग ग्राह्य धरू नये. शक्यतो ही चाचणी उन्हाळ्यात, वातानुकूलन बंद ठेवून घ्यावी.

३) रॅमचे मार्ग किती, खाचा किती आणि त्यांतील रिकाम्या किती?

४) साठवण बदलता येते की डाग देऊन बसविलेली आहे? एसएसडी साटा आहे की एनव्हीएमई?

५) जादा ॲडॉप्टर आणि पंखा स्थानिक बाजारात किती किमतीस मिळतो?

६) साफसफाईसाठी पेटी उघडल्यास हमी रद्द होते काय?

७) महाविद्यालयात वापरली जाणारी प्रणाली आणि परीक्षा-सॉफ्टवेअर त्यावर अधिकृतपणे चालते काय?

या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर प्रोसेसरच्या नावात दडलेले नाही, ही बाब लक्षणीय आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, लघु डेस्कटॉप हा मोठ्या संगणकाची काटछाट नसून उष्णतेच्या मर्यादेला केंद्रस्थानी ठेवून केलेली वेगळी रचना आहे. दुसरा, अध्यापन आणि कार्यालयीन कामाचे स्वरूप थांबत-धावत असल्याने ही रचना त्यास अनुरूप आहे. दीर्घकाळ सतत चालणाऱ्या कामास ती तितकी अनुरूप नाही. तिसरा, तिचा सर्वांत मोठा लाभ वीजबिलात नसून वीज गेल्यानंतर काम किती वेळ चालू राहते, यात आहे. चौथा, धूळ आणि तापमान यांची निगा न राखल्यास हा लाभ वर्षभरात ओसरतो.

संगणक खरेदीचा निधी सार्वजनिक असतो आणि एकदा घेतलेले यंत्र सात-आठ वर्षे वापरावे लागते. त्या काळात शेकडो विद्यार्थी त्यावर शिकतात आणि परीक्षा देतात. म्हणून निविदेचा मसुदा केवळ विक्रेत्याच्या माहितीपत्रकावरून उतरवून न घेता, भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकशास्त्र या विभागांतील प्राध्यापकांनी एकत्र बसून तो तयार करावा. एक वॅटमीटर, एक तापमापक आणि अर्ध्या तासाचा संयम एवढ्या सामग्रीवर या परीक्षणाचा प्रारंभ होऊ शकतो.